पाय मुरगळला तर: पहिल्या दहा मिनिटांपासून पुन्हा बांधावर चालेपर्यंत

पाय मुरगळण्यालाही आपल्याकडे हंगाम आहेत. जुलैत खानापूर-जांबोटी पट्ट्यात रोप लावण सुरू झाली की निसरड्या बांधावरून घसरलेली माणसं येतात. नवरात्रात पहाटेच्या दुर्गामाता दौडीत अनवाणी धावलेली पोरं येतात. थंडीत निपाणी-चिकोडीकडचे ऊसतोडीतले लोक, कुणी ट्रॉलीवरून उडी मारलेला, कुणाचा पाय सरीतल्या बुडख्यावर पडलेला. मग शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, रात्रभर गर्दीत चालताना पायाखालचा खड्डा कुणाला दिसतोय! आणि गटारीवरची हलती फरशी तर बारा महिने आपली आहेच.

मी बेळगावात फिजिओथेरपी करतो. मुरगळलेल्या पायाच्या बाबतीत दोन चुका सारख्या पाहायला मिळतात. पहिल्या दिवशी जे करू नये ते सगळं केलेलं असतं: चोळणं, शेकणं, ओढून 'नाडी बसवणं'. आणि तिसऱ्या आठवड्यात जे करायलाच हवं ते कुणी करत नाही, कारण तोवर सूज उतरलेली असते. पहिल्या चुकीने पाय आठ-दहा दिवस जास्त दुखतो. दुसरीमुळे तोच पाय पुढची कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा वळत राहतो. म्हणून बर्फ आणि बँडेजपेक्षा नंतरच्या व्यायामावर मी इथे जास्त लिहिणार आहे.

आत नेमकं काय होतं

आत्ता जिथे बसला आहात तिथेच आपला घोटा दोन्ही बाजूंनी चाचपून बघा. बाहेरच्या घोट्याचं टोक आतल्या घोट्यापेक्षा खाली आलेलं लागेल. त्यामुळे पंजा बाहेरच्या बाजूला वळू लागला की ते हाड त्याला अडवतं. आतल्या बाजूला वळताना मात्र तेवढी अडवणूक नाही. म्हणूनच बहुतेक वेळा पाय आत मुरगळतो, तळवा दुसऱ्या पायाकडे तोंड करतो आणि अंगाचा सगळा भार बाहेरच्या कडेवर येतो.

बाहेरच्या घोट्याला खालच्या हाडांशी बांधून ठेवणारी तीन लिगामेंट आहेत. एक पुढे, एक खाली टाचेकडे जाणारं आणि एक मागे. पुढचं सगळ्यांत नाजूक, त्यामुळे आधी तेच ताणलं जातं. जोर जास्त असेल तर टाचेकडचंही जातं. मागचं क्वचितच तुटतं. लिगामेंट म्हणजे पिळाचा दोरखंड समजा. पीळ नुसते ताणले गेले तर पहिली पायरी, काही पीळ तुटले तर दुसरी आणि दोरच तुटला तर तिसरी. पहिल्या पायरीत थोडी सूज येते, लंगडत का होईना चालता येतं आणि दोन-तीन आठवड्यांत माणूस कामाला लागतो. दुसरीत सूज जास्त, एक-दोन दिवसांत काळंनिळं, पाय टेकवणं नकोसं. तीन ते सहा आठवडे धरा. तिसरीत घोटा खिळखिळा लागतो आणि दोन-तीन महिने जातात. लिगामेंटची आतली दुरुस्ती त्यानंतरही बरेच महिने चालूच असते.

काळंनिळं टाचेकडे किंवा बोटांकडे सरकलं म्हणून घाबरू नका. रक्त वजनाने खाली उतरतं, इतकंच.

एक वेगळी जात मात्र ओळखून ठेवा. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय घोट्याला धरलेला असतो आणि तो अंग फिरवून सुटायला बघतो. कुस्तीत पाय जमिनीत रुतलेला आणि वरचं धड वळलेलं. अशा वेळी दुखणं घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांच्या मधे असतं. पोटरीच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी दाबलं तरी कळ खाली घोट्याकडे जाते. सूज कमी असते, म्हणून पैलवान ते मनावर घेत नाहीत, पण याला साध्या मुरगळीपेक्षा दुप्पट वेळ लागू शकतो. असं वाटलं तर घरी प्रयोग नकोत, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

पहिली दहा मिनिटं

खाली बसा. 'चालून बघतो, मोकळा होईल' म्हणून दहा पावलं टाकू नका. बूट, मोजे काढा. पायात पैंजण, जोडवी असतील तर आत्ताच काढा, तासाभराने निघणार नाहीत. काळा दोरा बांधलेला असेल तर कापून टाका. हे मुद्दाम लिहितो, कारण सूज वर चढल्यावर तो दोरा मांसात रुतून बसतो आणि नजर लागण्याच्या भीतीने कुणी त्याला कात्री लावत नाही. नवीन दोरा नंतर बांधता येतो.

मग पायाकडे नीट बघा. घोटा वाकडा दिसतोय, जखमेतून हाड दिसतंय, बोटं पांढरी-गार पडलीत किंवा बधिर झालीत, यांपैकी काहीही असेल तर पाय आहे त्या स्थितीत ठेवा. सरळ करायला जाऊ नका. दोन्ही बाजूंना उशी किंवा जाड घडी केलेली वर्तमानपत्रं लावून पंचाने सैल बांधा आणि १०८ ला फोन करा. हा नंबर सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतो.

असं काही नसेल तर दोघांच्या खांद्यावर हात टाकून, दुखरा पाय न टेकवता, शेतातून रस्त्यावर या. दवाखान्यात जाताना मोटारसायकलवर मधे बसवून नेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यात पाय लोंबकळत राहतो, खड्ड्याखड्ड्याला हिसका बसतो आणि सूज वाढते. रिक्षा, टमटम, शेजाऱ्याची पिकअप, जे मिळेल त्यात पाय सीटवर आडवा ठेवून न्या.

एक्स-रे हवा का?

प्रत्येक मुरगळीला एक्स-रे लागत नाही. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी साधे नियम बांधून दिले. जगभरच्या तातडीच्या विभागांत ते अजून वापरतात, आणि घरीही अंदाज घ्यायला उपयोगी पडतात.

पहिला प्रश्न: पडल्यावर लगेच आणि आत्ताही, चार पावलं टाकता येतात का? लंगडत टाकली तरी चालतील. एका पायावर भार आला, मग दुसऱ्यावर, असं दोनदा झालं की चार पावलं झाली. दोन्ही वेळा जमली नसतील तर एक्स-रे काढा.

दुसरा प्रश्न: हाडावर दाबल्यावर दुखतं का? इथे लोक चुकतात. बाहेरच्या घोट्याच्या पुढे जो मऊ खळगा असतो तो तर दुखणारच, कारण तिथेच लिगामेंट आहे. दाबायचं ते घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सुमारे सहा सेंटिमीटर, म्हणजे साधारण तीन-चार बोटं. बाहेरचा घोटा झाला की आतला. मग पायाच्या बाहेरच्या कडेवरून करंगळीपासून टाचेकडे बोट फिरवा. मध्यावर एक उंचवटा लागतो, तो दाबा. शेवटी आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे, पायाच्या कमानीच्या वरच्या अंगाला जे हाड वर आलेलं असतं ते. या चारपैकी कुठेही हाडावर ठळक दुखलं तर एक्स-रे.

चालता येतंय आणि चारही जागा शांत आहेत, तर हाड मोडलं असण्याची शक्यता फारच कमी. मात्र लहान मुलं, गरोदर बाई, दारू प्यायलेला माणूस, मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेले लोक यांच्यावर हे नियम चालवू नका. त्यांना सरळ डॉक्टरांकडे न्या.

'बोटं हलतात, म्हणजे हाड शाबूत' हे गावोगाव ऐकू येतं. ते चूक आहे. बोटं हलवणारे स्नायू पोटरीत आणि तळव्यात असतात. घोट्याचं हाड मोडलं तरी बोटं मजेत हलतात. तसंच सूज किती आली यावरूनही हाडाचा निकाल लागत नाही. लिगामेंट तुटल्यावर कैरीएवढा फुगलेला घोटा मी पाहिलाय आणि हाडाला बारीक चीर गेलेली असताना जेमतेम सूज असलेलाही.

एक्स-रेची सोय तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बहुधा असते. नाहीतर बेळगावचं जिल्हा रुग्णालय आहे, केएलईचं मोठं इस्पितळ आहे, निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं. जिथे लवकर होईल तिथे करा. आणि 'एक्स-रे नॉर्मल' याचा अर्थ 'पाय नॉर्मल' असा घेऊ नका. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही.

पहिले दोन-तीन दिवस

विश्रांती, बर्फ, बँडेज, पाय उंच ही चौकडी गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरने १९७८ मध्ये रूढ केली. पुढे त्यांनी स्वतःच म्हटलं की फार बर्फ आणि फार विश्रांती बरं होण्याला उलट उशीर लावू शकतात. माझं मत असं: बर्फाने दुखणं कमी होतं, म्हणून पहिले दोन-तीन दिवस जरूर लावा, पण त्याने लिगामेंट जुळतं अशा समजुतीत राहू नका.

बर्फ एका वेळी १५ ते २० मिनिटं, दोन-तीन तासांच्या अंतराने, दिवसातून चार-पाच वेळा पुरे. थेट कातडीवर कधीच नको, ओला पातळ पंचा मधे ठेवा. फ्रिज नसेल तर शाळेजवळच्या दुकानातली दोन-चार 'पेप्सी' आणा, ती प्लास्टिकच्या नळीतली रंगीत बर्फाची. जरा वितळू लागली की ती घोट्याभोवती छान वळते, चौकोनी खड्यांसारखी टोचत नाही. आणि नंतर घरातली पोरं ती वाया जाऊ देत नाहीत. तेही नसेल तर विहिरीच्या गार पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल दर पाच मिनिटांनी बदलत राहा.

क्रेप बँडेज मेडिकलमधून चार इंच रुंदीचं मागा. माझ्याकडे येणाऱ्या पायांवर ते बहुधा नुसत्या घोट्यावर आवळलेलं असतं, म्हणजे वर बँडेज आणि खाली फुगलेला पंजा. बांधायची रीत अशी:

१. पाय नडगीशी काटकोनात धरा, बोटं वर.
२. सुरुवात बोटांच्या मुळाशी करा. दोन फेरे पंजाभोवती, आतून बाहेरच्या कडेकडे.
३. तिथून तिरकं वर घोट्याच्या मागे, मग पुढून तिरकं खाली तळव्याकडे, असा इंग्रजी आठचा आकडा काढत जा. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याचा अर्धा भाग झाकेल असा.
४. टाचही झाका. उघडी राहिली तर सूज तिथे जमते.
५. वर चार-पाच बोटं नडगीवर नेऊन चिकटपट्टीने संपवा. सोबत येणाऱ्या धातूच्या आकड्या झोपेत टोचतात.

खाली घट्ट, वर येता येता जरा सैल. बांधून झाल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे. मुंग्या आल्या, बोटं गार किंवा निळसर वाटली तर सोडून पुन्हा बांधा. रात्री झोपताना काढून ठेवा.

पाय उंच म्हणजे छातीपेक्षा उंच. खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवला तर तो कमरेइतकाही वर जात नाही. आडवं व्हा आणि पोटरीखाली दोन उशा किंवा घडी केलेली वाकळ ठेवा.

आता आपल्या घरातली एक अडचण, जिचा उल्लेख परदेशी माहितीपत्रकांत सापडत नाही. आपण जमिनीवर बसतो. मांडी घातली की बाहेरचा घोटा जमिनीला टेकतो, पंजा खाली आणि आत वळतो, म्हणजे ज्या दिशेने पाय मुरगळला नेमक्या त्याच दिशेने. जेवणाला, भजनाला, पूजेला अर्धा तास मांडी घालून बसलात तर तुटलेले पीळ अर्धा तास ताणून धरलेत असं समजा. निदान तीन आठवडे मांडी आणि वज्रासन बंद. जेवताना खुर्ची घ्या किंवा पाय पुढे पसरून बसा. वडीलधाऱ्यांसमोर पाय पसरणं बरं दिसत नसेल तर सांगा त्यांना, डॉक्टरांनी सांगितलंय. देशी संडासात उकिडवं बसणंही पहिले दिवस जमत नाही. प्लास्टिकची कमोड खुर्ची भाड्याने मिळते.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पहिली पसंती. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची गोळी, दोन गोळ्यांमध्ये सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. लिव्हरचा त्रास असेल किंवा रोजची दारू असेल तर विचारूनच घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या पित्त, अल्सर, किडनी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आपल्या मनाने घेऊ नयेत. पावसाळ्यात आणखी एक सावधगिरी: पाय मुरगळला आणि त्याच दोन-चार दिवसांत तापही आला, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत या गोळ्यांना हात लावू नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. वरून लावायचं डायक्लोफेनॅकचं जेल त्या मानाने सोपं. ते नुसतं पसरायचं, रगडायचं नाही.

लेप, चोळणं आणि कामट्या

आंबेहळद-तुरटीचा लेप लावू का, असं आजही रोज कुणीतरी विचारतं. कातडी फुटलेली नसेल आणि लेप गरम नसेल तर लावा, माझी हरकत नाही. लेप लावलेला माणूस पाय हलवत नाही, निवांत बसतो, हा त्याचा निम्मा गुण. गूळ-चुन्याच्या लेपाला मात्र माझा विरोध आहे. चुन्याने कातडी भाजते. मधुमेह असलेल्याला ते कळतही नाही आणि मुरगळ बाजूला राहून जखमेवर महिनाभर ड्रेसिंग चालतं. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, मिठाचं गरम पाणी हे सगळं चौथ्या-पाचव्या दिवसानंतर, सूज उतरणीला लागल्यावर. पहिल्या ७२ तासांत शेकलं, तेल चोळलं किंवा दारू प्यायली तर आतला रक्तस्राव वाढतो.

पाय ओढून कट्कन आवाज काढणारे गावात असतात. काही जण हाताला खरंच हुशार असतात. पण एक्स-रे न बघता, ताज्या मुरगळीला हिसका देणं म्हणजे अर्धवट तुटलेलं लिगामेंट पुरतं तोडणं, किंवा न सरकलेलं फ्रॅक्चर सरकवणं. आणि हाडवैद्याने कामट्या लावून करकचून बांधलं, रात्री बोटं काळी पडू लागली, बधिर झाली, तर सकाळची वाट बघू नका. त्याच क्षणी सोडा आणि दवाखाना गाठा. अशा आवळण्यातून रक्तपुरवठा बंद पडून पाय गमावलेले लोक आपल्या देशात आहेत. पायाळू माणसाचा पाय लावून घेणार असाल तर खुशाल घ्या, त्याने नुकसान काही नाही. फक्त हळू लावायला सांगा.

चौथ्या दिवसापासून

आता पाय वापरायला लागायचं, दुखणं सांगेल तेवढंच. दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं चालवून घ्या, त्यापुढे थांबा.

काठी घेतली तर ती चांगल्या पायाच्या हातात धरा. उजवा पाय दुखरा तर काठी डाव्या हातात. जवळजवळ प्रत्येक जण उलट धरतो. जिना चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली. पाऊल टाकताना टाच आधी, मग पंजा. पूर्ण पाय आपटत, बाहेर फेकत चालण्याची सवय लागली की कंबर दुखायला लागते.

दिवसातून तीन-चार वेळा पाय लांब करून पंजा पुढे-मागे वीस वेळा. मग अंगठ्याने हवेत मुळाक्षरं काढा, अ पासून ज्ञ पर्यंत, गुडघा न हलवता. कन्नड शाळेतल्या पोरांना मी कन्नड अक्षरं काढायला लावतो. ती जास्त गोल, त्यामुळे घोटा जास्त फिरतो. याबाबतीत सीमावादात मी त्यांच्या बाजूने आहे.

पोटरीचा ताण: भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, टाच जमिनीवर, तीस सेकंद. आठवड्याभराने मोजून बघा. भिंतीसमोर उभे राहून अंगठा भिंतीपासून काही अंतरावर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. चांगल्या पायाला किती लांबून जमतं आणि दुखऱ्याला किती, हे बोटांनी मोजा. दोन्ही सारखे झाले की उकिडवं बसणं आपोआप जमतं. हे राहून गेलं तर घोटा पुढे वाकत नाही आणि उतारावर माणूस अडखळत राहतो.

दुसऱ्या आठवड्यापासून: जे बहुतेक जण करत नाहीत

"आता बरं वाटूलालंय की ओ डॉक्टर, कशाला व्यायाम?" हे वाक्य इथे ठरलेलं. सूज गेली, चप्पल बसायला लागली, लावण खोळंबलीय. त्यांचं चुकतंय असंही नाही, रोजंदारी बुडते. पण आत काय राहिलंय ते बघा.

लिगामेंटमध्ये बारीक मज्जातंतू असतात. पाय कुठल्या कोनात आहे याची खबर ते सतत मेंदूला देत असतात. बांधावरचं ढेकूळ पायाखाली सरकलं की डोळ्याला कळण्याआधी पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू आकसतात आणि पाय सावरतात. लिगामेंट फाटतं तेव्हा ही खबरबातही बिघडते, आणि वापर नसल्याने ते स्नायूही ढिले पडतात. सूज उतरल्याने यातलं काहीच परत येत नाही. एकदा मुरगळलेला पाय पुन्हा मुरगळण्याची शक्यता न मुरगळलेल्यापेक्षा कितीतरी जास्त असते, ती यामुळेच. 'माझा पाय हलकाच आहे, सारखा वळतो' म्हणणाऱ्याच्या पायात जन्मजात दोष सहसा नसतो. पहिल्या वेळचं काम अर्धवट राहिलेलं असतं.

ताकदीसाठी सायकलची जुनी ट्यूब कापून घ्या. तिचा फास पलंगाच्या पायाला अडकवा, दुसरा फास पंजाला. टाच जागेवर ठेवून पंजा बाहेरच्या बाजूला ओढा, दोन सेकंद धरा आणि सावकाश परत आणा. परत आणताना घाई केली तर निम्मा फायदा गेला. दहा-दहाच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. नंतर तसंच आत, वर आणि खाली.

टाचा उचलणं: भिंतीचा आधार घेऊन दोन्ही टाचा वर, मग हळू खाली. वीस वेळा सहज झालं की एका पायावर. दुखऱ्या पायावर एकट्याने चांगल्या पायाइतक्या टाचा उचलता येईपर्यंत सोडू नका.

आणि तोल. सगळ्यांत महत्त्वाचं हेच, आणि याला ना पैसा लागतो ना वेगळा वेळ. सकाळी दात घासताना बेसिनजवळ दुखऱ्या पायावर उभे राहा. तीस सेकंद, तीन वेळा. पहिल्या दिवशी घोटा थरथरताना दिसेल, कडेचे स्नायू नाचत असतील. तेच व्हायला हवं. जमू लागलं की डोळे मिटून करा. डोळे मिटताच माणूस पाच सेकंदांत पाय टेकवतो आणि मग त्याला पटतं की पाय अजून बरा झालेला नाही. मी समजावण्यात वेळ घालवत नाही, डोळे मिटायला सांगतो.

पुढची पायरी: वाकळीची जाड घडी करून त्या मऊ जमिनीवर एका पायावर. मग त्याच स्थितीत घरातल्या कुणाकडून चेंडू फेकून घ्या आणि झेला. मग डोक्यावर हलकी कळशी, पण हे फक्त ज्यांना सवय आहे त्यांनी. निदान सहा आठवडे हे रोज करा, दुखत नसलं तरी.

शेतात, मैदानात कधी?

तारखेवर ठरवू नका, पायावर ठरवा. सपाट वाटेवर अर्धा तास वेगाने न लंगडता चालता येतं का? एका पायावर दहा उड्या, दोन्हीकडे सारख्याच? मग सरळ रेषेत सावकाश धावणं, मग आठच्या आकड्यात, मग अचानक थांबून दिशा बदलणं. प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा बघा. सूज नसेल तरच पुढे जा. येळ्ळूरचा राजहंसगड चढायचा असेल तर जपायचं ते उतरताना. थकलेले पाय तेव्हाच वळतात.

खेळाडूंनी सहा महिने ते वर्षभर खेळताना अँकल ब्रेस, म्हणजे घोट्याला आधार देणारा पट्टा, किंवा चिकटणारी टेप वापरावी. आधी मुरगळलेल्या पायाला त्याचा खरा उपयोग होतो. दिवसभर घालून बसू नका. टेप घामाने अर्ध्या तासात ढिली पडते, म्हणून लेस बांधायचा ब्रेस बरा. अनवाणी दौडीत ब्रेस बसत नाही. पहिल्या वर्षी बूट घालून धावा नाहीतर कडेने चाला.

शेतकऱ्याला चिखलात ब्रेस सांगणं म्हणजे चेष्टाच. लावणीच्या वेळी दोन माप मोठा गमबूट घातलात तर पाय आत फिरत राहतो, त्यापेक्षा मापाचा घ्या. ओझं घेऊन बांधावरून जाणं शेवटी सुरू करा, आधी रिकाम्या हाताने. आणि चपलांविषयी: कोल्हापुरीला आपल्या अथणीचा हात लागतो, २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात बेळगाव जिल्हाही होता, अभिमान आहेच. पण तिला टाचेमागे पट्टा नसतो आणि गुळगुळीत चामडं ओल्या फरशीवर घसरतं. पहिले दोन महिने मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट वापरा.

काही जणांनी वेगळं वागावं

मुलांच्या हाडांची टोकं वाढीच्या वयात लिगामेंटपेक्षा नाजूक असतात, त्यामुळे त्यांची 'मुरगळ' कधी कधी हाडाची दुखापत निघते. म्हणून मुलाला डॉक्टरांना दाखवाच. साठीपुढच्या बायकांत साध्या वळण्यानेही हाड मोडतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सूज झपाट्याने वाढते, त्यांनी त्याच दिवशी जावं. जुना मधुमेह असलेल्याचा पाय लाल, गरम, सुजलेला आहे आणि दुखत मात्र नाही, तर ती मुरगळ समजून लेप लावू नका. आतली हाडं ढासळत असू शकतात, चालणं त्याच क्षणी बंद करून डॉक्टरांकडे जा. कुणाचीही पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घेऊन तातडीने इस्पितळात न्या.

सहा आठवड्यांनीही दुखत असेल तर

नीट व्यायाम करूनही सहा आठवड्यांनी सूज येत असेल, घोटा आत अडकल्यासारखा वाटत असेल किंवा सपाट जमिनीवरही वळत असेल, तर पुन्हा तपासून घ्या. कधी घोट्यातल्या कूर्चेला मार लागलेला असतो, कधी बाहेरच्या बाजूची स्नायूची दोरी घसरत असते, कधी पहिल्या एक्स-रेत न दिसलेली चीर असते. एमआरआय या टप्प्यावर उपयोगाचा, पहिल्या दिवशी नव्हे. तीन ते सहा महिने मनापासून व्यायाम केल्यावरही घोटा खिळखिळाच राहिला तर ऑपरेशनचा विचार होतो. ढिलं पडलेलं लिगामेंट आखूड करून पुन्हा हाडाला शिवायची पद्धत ब्रॉस्ट्रॉम या स्वीडिश सर्जनने १९६६ मध्ये मांडली, आजही तिच्याच सुधारित रूपात करतात आणि निकाल चांगले येतात. पण त्यानंतरही दात घासताना एका पायावर उभं राहणं सुटत नाही, तेव्हा ऑपरेशनची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना विचारा की व्यायाम खरोखर किती आठवडे झाला. आणि खरं उत्तर द्या.